एक चुकलेले उत्तर

आमच्या शाळेतील विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाले आणि त्यांची जागा काही महिने रिकामी राहिली, त्या वर्षीची ही हकीकत. मी मराठी घेऊन एम. ए. झालेला मनुष्य. परंतु मुख्याध्यापकाने रिकाम्या तासाकडे नुसते पाहत बसावे हे मनाला पटेना, म्हणून दहावीचा 'प्रकाश' हा धडा मीच शिकवायला घेतला. आमची इंदूरची शाळा हिंदी माध्यमाची. फळ्यावर मी 'अवतल दर्पण' लिहीत असे आणि मनात मात्र बालपणी मराठी शाळेत पाठ केलेला 'अंतर्गोल आरसा' उमटत असे. घरून नेलेली स्टीलची पळी मुलांच्या हाती दिली. तिच्या खोलगट भागात आपापली तोंडे उलटी झालेली पाहून वर्गात हशा पिकला. मग दाढीच्या गोल आरशाने अंगणातील ऊन एका ठिपक्यात गोळा करून कागदाला भोक पाडून दाखविले. धडा उत्तम रंगला, अशा समाधानात मी होतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचा हात मोडला होता आणि हाडाचे चित्र काढताना ती त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेली होती. तिने विचारले, "सर, एक्स-रेसुद्धा असे आरशाने एका ठिकाणी गोळा करता येतात का?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. पण 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची सवय इतक्या वर्षांच्या नोकरीत मोडून गेली होती. मी म्हणालो, "अगं, जो किरण माणसाच्या अंगातून आरपार जातो, तो तुझ्या आरशाला थोडाच जुमानणार आहे?" वर्ग हसला. मीही हसलो. ती खाली बसली, आणि त्यानंतर कित्येक आठवडे माझ्या तासाला तिचा हात वर झाला नाही.

त्याच हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र पाहण्यास गेलो. इंदुरात सुखनिवासाच्या बाजूला असलेल्या ह्या केंद्राची पायाभरणी १९८४ साली झाली. इलेक्ट्रॉनांना कड्यासारख्या मार्गात फिरवून त्यांच्यापासून प्रकाश मिळविणारी दोन यंत्रे तेथे आहेत. त्यांपैकी 'इंडस-१' हे धाकटे यंत्र १९९९ साली सुरू झाले. त्याच्या कड्याचा घेर जेमतेम १९ मीटर. पण त्यातून अतिनील किरणांपासून मृदू क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश बाहेर पडतो. माहिती देणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाने एका नळीवर बसविलेल्या पोलादी पेटीवर हात ठेवला आणि अगदी सहज सांगितले, "ह्या पेटीत वक्र आरसा आहे. क्ष-किरण त्याच्यावर पडतात आणि पुढे एका ठिपक्यात गोळा होतात."

मी वळून त्या मुलीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. त्या पेटीकडे पाहत होती. तिने माझ्याकडे रोखून पाहिले असते तर मला अधिक बरे वाटले असते.

घरी आल्यावर मी वाचावयास बसलो. आधी केवळ मनाला लागलेली बोच होती. पुढे विषयच गोड वाटू लागला. जे समजले ते माझ्यासारख्याच विज्ञानाबाहेरच्या वाचकांसाठी येथे मांडतो.

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन ह्यांना हे किरण प्रथम आढळले. त्यांनी लगेच त्यांना वळवून पाहण्याचा प्रयत्न केला. पाण्याचे लोलक करून पाहिले, कठीण रबराचे आणि ॲल्युमिनियमचे करून पाहिले. किरण ढिम्म हलले नाहीत. भिंगाने हे किरण गोळा करता येत नाहीत आणि आरशावरून प्रकाशासारखे नीट परततही नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी त्याच वर्षअखेरीस प्रसिद्ध केला. हे वाचून मला क्षणभर धीर आला. माझे उत्तर राँटगेनसारखेच होते म्हणायचे! पण तो धीर टिकला नाही. राँटगेन ह्यांनी 'नाही' म्हटले ते करून पाहिल्यानंतर. मी 'नाही' म्हटले ते वर्ग हसावा म्हणून. शब्द एकच, पण त्याच्यामागची पुण्याई वेगळी.

करून पाहिलेल्या 'नाही'चा एक गुण असा, की पुढचा मनुष्य ते तपासू शकतो. अमेरिकेतील आर्थर कॉम्प्टन ह्यांनी १९२३ साली दाखवून दिले की क्ष-किरण गुळगुळीत पृष्ठभागावरून परावर्तित होतात. अट एवढीच, की ते त्या पृष्ठभागाला अगदी घासून गेले पाहिजेत. समोरून आदळलेला किरण आत घुसतो आणि तेथेच जिरतो किंवा पार निघून जातो. पण जवळजवळ समांतर, एखाद्या अंशाच्या किंवा त्याहूनही लहान कोनात आलेला किरण अलगद वळून बाहेर पडतो. महेश्वरच्या घाटावर आम्ही मुले चपटी खापरी नर्मदेत भिरकावत असू. वरून टाकलेली खापरी बुडे; तिरकी, पाण्याला घासून फेकलेली खापरी टप्पे घेत दूर जाई. हा केवळ दृष्टान्त झाला. खरे कारण असे, की पाण्यातून वर येणारा तिरपा प्रकाश जसा पृष्ठभागावरून पुन्हा पाण्यातच परततो, तसेच येथे घडते, परंतु उलट बाजूने. क्ष-किरणांच्या दृष्टीने काच किंवा धातू हे मोकळ्या जागेपेक्षा अगदी किंचित विरळ ठरतात. म्हणून ते आतून नव्हे, बाहेरूनच पूर्ण परततात. रुग्णालयातले किरण फार लहान तरंगलांबीचे, म्हणून त्यांचा हा कोन अंशाच्या लहानशा भागाएवढा असतो. मृदू क्ष-किरणांची तरंगलांबी साधारणपणे एक नॅनोमीटरपासून काही नॅनोमीटरपर्यंत. त्यांना एक-दोन अंशांची सवलत मिळते. हे मृदू किरण मात्र इतके नाजूक, की साधी हवाही त्यांना गिळून टाकते. त्यांचा सारा प्रवास निर्वात नळ्यांतून होतो, आणि आरसाही निर्वात पेटीतच बसवावा लागतो. इंडसच्या त्या पोलादी पेटीचे रहस्य हेच होते.

येथून अडचणींना सुरुवात होते. संध्याकाळचे ऊन तिरपे झाले की काठीची सावली अंगणभर पसरते. त्याचप्रमाणे एक सेंटीमीटर जाडीचा झोत एक अंशाच्या कोनात आरशावर उतरला, की त्याचा पट्टा ५७ सेंटीमीटर लांब पडतो. म्हणून हे आरसे वाटोळे नसतात, पट्टीसारखे लांबट असतात. आणि त्यांचा बाक किती असावा? आमच्या शाळेतील गणिताच्या सरांनी मला हिशेब करून दिला. दुरून येणारा झोत एक अंशाने आरशावर पडून दोन मीटर पुढे गोळा व्हावयाचा असेल, तर आरशाचा लांबीच्या दिशेचा बाक सुमारे २३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा हवा. अर्धा मीटर लांबीचा असा आरसा मध्यभागी खोल असतो तो मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याहूनही थोडा कमी! डोळ्याला तो सपाटच दिसणार. पण रुंदीच्या दिशेने त्याच कामासाठी त्रिज्या लागते अवघी ७ सेंटीमीटर. म्हणजे हा आरसा एखाद्या गुळगुळीत पन्हळीसारखा होतो: आडवा चांगलाच खोलगट, आणि उभा इतका हलका वाकलेला की तो बाक केवळ उपकरणालाच कळावा. वर्गात मी जो दाढीचा आरसा दाखविला, त्याचा बाक चहूकडे सारखा. तसा आरसा ह्या कामी ठेवला तर किरणांचा ठिपका न होता नुसता फराटा उमटेल.

ह्या अडचणीतून एक सोपी वाट अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल किर्कपॅट्रिक आणि त्यांचे विद्यार्थी आल्बर्ट बाएझ ह्यांनी १९४८ साली दाखविली. दोन्ही दिशांचा बाक एकाच आरशात आणण्याऐवजी त्यांनी दोन आरसे एकमेकांशी काटकोनात, एकापुढे एक ठेवले. पहिला झोताला वरून-खालून आवळतो, दुसरा डावी-उजवीकडून. दोघांनी मिळून ठिपका होतो. गुरु-शिष्यांची ही जोडगोळी त्या आरशांच्या नावात आजही कायम आहे. हे बाएझ म्हणजे प्रसिद्ध गायिका जोन बाएझ ह्यांचे वडील. पुढे १९६१ पासून १९६७ पर्यंत पॅरिस येथे युनेस्कोत त्यांनी विज्ञानशिक्षणाचे काम पाहिले. क्ष-किरणांना वळविणारा मनुष्य पुढे शिक्षकांकडे वळला, हे वाचून मला उगाच आपलेपणा वाटला.

त्याच स्टॅनफर्डच्या परिसरात एप्रिल २००९ मध्ये क्ष-किरणांचा महालेसर प्रथम प्रज्वलित झाला. जपानमध्ये हारिमा येथे २०११ साली आणि जर्मनीत हँबुर्ग येथे २०१७ साली तसेच लेसर सुरू झाले. हँबुर्गचे यंत्र ३.४ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात आहे. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांना चुंबकांच्या रांगेतून नागमोडी नेले, की ते एकसुरात क्ष-किरण सोडतात. त्यांच्या झोताचा काळ मोजतात फेम्टोसेकंदांत. एका फेम्टोसेकंदाचे एका सेकंदाशी जे नाते, तेच एका सेकंदाचे सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांशी.

इतका क्षणिक झोत एका ठिपक्यात आणावयाचा, तर त्यातले सर्व किरण एका जागी पोहोचून भागत नाही. ते एकाच वेळी पोहोचले पाहिजेत. सेकंदात तीन लक्ष किलोमीटर धावणारा प्रकाश दहा फेम्टोसेकंदांत जातो तीन मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा विसावा-पंचविसावा हिस्सा. कोण्या किरणाची वाट तेवढ्याने लांबली, की तो मागे पडला आणि झोत विसविशीत झाला. मग सर्वांना एकाच क्षणी कसे पोहोचवावे? त्याचे उत्तर बागेतला माळीही जाणतो. दोन खुंट्या ठोकून त्यांना दोरीची दोन टोके बांधावी आणि दोरी ताणून काठीने रेघ ओढत जावे. लंबवर्तुळ तयार होते. त्या रेघेवरील कोणताही बिंदू घ्या, एका खुंटीपासून त्या बिंदूपर्यंत आणि तेथून दुसऱ्या खुंटीपर्यंतची वाट सारखीच, कारण दोरी तीच. आरशाचा बाक वर्तुळाचा न ठेवता लंबवर्तुळाच्या एका तुकड्याचा ठेवला, की एका नाभीपासून निघालेले किरण आरशाच्या कोणत्याही भागाला स्पर्शून गेले तरी दुसऱ्या नाभीत एकाच क्षणी भेटतात. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. शिवाय आरसा सर्व तरंगलांब्यांना एकाच नियमाने परतवतो. अतिक्षणिक झोतात अनेक तरंगलांब्या एकत्र नांदत असतात. आरशाकडून त्यांच्यात पंक्तिप्रपंच होत नाही.

कल्पना सोपी, पण ती पृष्ठभागावर उतरविणे महाकठीण. तरंगच एका-दोन नॅनोमीटरचा, तेव्हा आरशावरचा उंचवटा तेवढाही चालत नाही. जपानमधील ओसाका विद्यापीठात ह्यासाठी एक विलक्षण रीत विकसित झाली. अतिशुद्ध पाण्यात अतिसूक्ष्म कण मिसळून त्याचा प्रवाह आरशावरून वाहवितात. ते कण पृष्ठभागाला ओरखडत नाहीत; स्पर्श होताच रासायनिक क्रियेने वरचे अणू तेवढे उचलून नेतात. जेथे उंचवटा अधिक तेथे प्रवाह अधिक वेळ ठेवावयाचा. नदी गोटे घासते त्याहूनही सौम्य अशी ही झीज आहे. टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी दुसरी वाट चोखाळली. त्यांनी क्वार्ट्झ काचेचा अचूक साचा केला, त्यावर विजेच्या साहाय्याने निकेलचे जाड पूट चढविले आणि ते अलगद सोडवून घेतले. अशा नळीसारख्या आरशाच्या आतल्या अंगावर किरण सर्व बाजूंनी घासत जातात आणि एकाच आरशाने ठिपका साधतो. हँबुर्गच्या लेसरसाठी जपानमध्ये घडविलेला ९५ सेंटीमीटर लांबीचा एक सपाट आरसा आदर्श पृष्ठभागापासून एका नॅनोमीटरहून अधिक ढळत नाही, असे २०१६ साली जाहीर झाले. हे प्रमाण मनात ठसावे म्हणून मी आपल्या नर्मदेचे माप लावून पाहिले. तो आरसा ताणून अमरकंटकपासून समुद्रापर्यंत, म्हणजे १३१२ किलोमीटर लांब केला, तरी त्याच्यावरची सर्वांत मोठी लहर दीड मिलिमीटरही उंच भरणार नाही!

एवढा खटाटोप कशासाठी? क्ष-किरण ज्या पदार्थावर एकवटतात तो जळून जातो. पण झोत पुरेसा क्षणिक असेल, तर अणू जागचे हलण्यापूर्वीच त्यांचे चित्र घेऊन झोत निघून गेलेला असतो. स्टॅनफर्डच्या लेसरने २०११ साली मिमिव्हायरस नावाच्या मोठ्या विषाणूंची अशी एकेका झोतात एकेक चित्रे मिळविली. मृदू किरणांचा आणखी एक गुण असा, की २.३ ते ४.४ नॅनोमीटर ह्या पट्ट्यात पाणी त्यांना बरीच वाट देते आणि कार्बन मात्र अडवितो. त्यामुळे जिवंत पेशी न सुकविता, न रंगविता, तिच्या पाण्यासकट पाहता येते. आणि एवढ्या प्रखर झोतापुढे आरसा स्वतः कसा तगतो, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. पुन्हा तोच तिरपेपणा त्याला वाचवितो. झोत लांब पट्ट्यावर पसरल्यामुळे कोणत्याही एका जागी त्याचा ताप फार होत नाही. जी गोष्ट आरसा घडविताना अडचण ठरली, तीच त्याचे संरक्षण करते.

मृदू क्ष-किरणांपर्यंत पोहोचणारे क्षणिक झोत मिळविण्याची एक लहान वाटही आहे, तिला मैलभर बोगदा लागत नाही. प्रखर लेसर विरळ वायूतून नेला की त्यातून पुष्कळ लहान तरंगलांबीचे झोत निघतात. ह्या कामाचा पाया घालणाऱ्यांत ॲन लुइलिए ह्या आहेत. त्यांना पिएर अगोस्तिनी आणि फेरेन्क क्राउझ ह्यांच्यासह २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती बातमी द्यावयास स्टॉकहोमहून दूरध्वनी आला, तेव्हा त्या स्वीडनमधील लुंड येथे वर्गात शिकवीत होत्या. मधल्या सुटीत त्यांनी तो घेतला, आणि बातमी ऐकून पुन्हा वर्गात जाऊन तास पुरा केला. हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. माझाही एक तास अपुरा राहिला होता.

जानेवारीतील एका सकाळी मी दहावीच्या वर्गावर गेलो. बरोबर दोन खिळे, हातोडी आणि सुतळी नेली होती. पाटावर खिळे ठोकून सुतळीने लंबवर्तुळ काढले आणि म्हणालो, "मुलांनो, काही महिन्यांपूर्वी ह्या वर्गात एक प्रश्न विचारला गेला. प्रश्न उत्तम होता. उत्तर चूक होते. ते उत्तर मला येत नव्हते, आणि येत नाही हे मी लपविले. वर प्रश्न विचारणारीला हसलो. त्याबद्दल मी तिची माफी मागतो." वर्ग चिडीचूप झाला. मुख्याध्यापकांनी माफी मागितली म्हणजे आता काय करावे, हे मुलांना कळेना. मुलीने मान खाली घातली. मी सुतळीवर बोट फिरवीत राँटगेन, कॉम्प्टन, किर्कपॅट्रिक आणि बाएझ अशी सारी कथा सांगितली. घासून जाणारा किरण दाखविण्यासाठी एका मुलाकडून बाकावर पट्टी तिरपी धरविली. माझे बोलणे तासाच्या घंटेपर्यंत चालले.

घंटा झाल्यावर मुले उठू लागली, तेव्हा मागच्या बाकावर हात वर झाला.

"सर, तो आरसा मधोमध एवढासाच खोल असतो म्हणालात. मग तेवढी खोली बरोबर आहे की नाही हे मोजतात कशाने? पट्टी तर लावता येणार नाही."

माझ्या जिभेवर काहीतरी उत्तर येऊ घातले होते. मी ते गिळले. "मला ठाऊक नाही," मी म्हणालो, "उद्या पाहून सांगतो."

त्या रात्री पुस्तक पाहिले आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितले, की प्रकाशालाच मोजपट्टी करतात. एक किरण अचूक माहीत असलेल्या पृष्ठभागावरून आणि दुसरा ह्या आरशावरून परतवून दोघांना एकत्र आणले, की त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून काळे-पांढरे पट्टे उमटतात. ते पट्टे कोठे किती वाकले ह्यावरून नॅनोमीटरचा फरकही वाचता येतो. लांब आरशाचे असे तुकड्यातुकड्याने माप घेऊन मग ती मापे गोधडीसारखी जोडतात. तिने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "आणि तो माहीत असलेला पृष्ठभाग अचूक आहे, हे कशावरून?"

मी त्या दिवशीही घरी जाऊन पुस्तक उघडले. तीन पृष्ठभाग घेऊन त्यांची आळीपाळीने दोन-दोनांची तुलना करतात, आणि त्या तीन तुलनांतून तिघांचेही दोष गणिताने वेगळे काढतात. कोणाही एकाला निर्दोष मानून चालत नाहीत. हे उत्तर मी तिला दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वीच, तिने विचारण्याची वाट न पाहता, जाऊन सांगितले.